नदीकाठच्या जुन्या पबचे वय नेमके कोणते?

वास्तुविषयक प्रश्नोत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवून त्या तिघांनाच उत्तर देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त लंडनला असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असताना तिने वॉपिंग भागातला टेम्स नदीकाठचा ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी’ हा पब दाखवला. आम्ही मद्य घेत नाही, पण तिथे जेवलो आणि इमारत निवांत पाहिली. हा पब १५२० सालचा असल्याचे सांगतात. मला मात्र त्याचा दर्शनी भाग आपल्या टाउन हॉलपेक्षा फार जुना वाटला नाही. खरे काय समजावे?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या नजरेला जे वाटले ते बरोबर आहे, आणि तिथे सांगितले जाणारे सालही अगदीच निराधार नाही. घोळ होतो तो एका इमारतीला एकच वय असते असे आपण गृहीत धरतो म्हणून. जुन्या पबच्या बाबतीत निदान चार वये वेगवेगळी मोजावी लागतात : त्या जागेवर मद्यविक्रीचा धंदा कधीपासून आहे, त्याला परवाना कधी मिळाला, आजचे नाव कधी पडले आणि आज उभ्या असलेल्या भिंती कधीच्या आहेत. जाहिरातीत या चारांपैकी सर्वांत जुने साल घेतले जाते, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा सर्वांत अलीकडचे असते.

‘प्रॉस्पेक्ट’पुरते बोलायचे तर १५२० हे साल त्या जागेवरच्या पहिल्या मद्यगृहाचे मानले जाते. पुढे खलाशी, चोरटा माल आणणारे आणि चाचे यांच्या वावरामुळे ते ‘सैतानाचे मद्यगृह’ म्हणून बदनाम झाले. त्यानंतर आगीत जुनी इमारत गेली आणि नव्याने बांधकाम झाले. आजचे नाव व्हिट्बी या बंदराच्या, जवळच नांगर टाकून उभ्या राहणाऱ्या ‘प्रॉस्पेक्ट’ नावाच्या कोळशाच्या जहाजावरून पडले. दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि आतल्या भिंतींवरचे लाकडी फळ्यांचे काम अठराव्या शतकातले आहे. सर्वांत जुना भाग कोणता, तर ज्याकडे जेवताना आपले लक्षही गेले नसेल ती पायाखालची दगडी फरशी. ती सुमारे चारशे वर्षांची मानतात. आगीत तुळया जळतात, छप्पर कोसळते, भिंती तडकतात, पण जमिनीवर बसवलेला दगड जागचा हलत नाही, म्हणून आग लागून गेलेल्या इमारतीत सर्वांत जुना पुरावा नेहमी खाली शोधावा.

टाउन हॉलची आठवण आपण काढली आहे, ती उपयोगी आहे. टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. आराखडा आहे, वास्तुकार आहे, आरंभ आहे आणि समाप्ती आहे. नदीकाठच्या पबना बहुतेक वेळा यातले काहीच नसते. गवंडी आणि सुतार यांनी गरजेप्रमाणे खोली वाढवली, जळली तेव्हा बांधली, मालक बदलला तेव्हा खिडकी फोडली. ग्रिनिचचे ‘ट्रफाल्गर टॅव्हर्न’ हा ठळक अपवाद : ते १८३७ साली जोसेफ के या वास्तुकाराने योजून बांधले आणि त्याच्या पुढे आलेल्या गोलसर खिडक्या नदीचे दृश्य दिसावे याच हेतूने ठेवल्या. तिथे वयाचा वाद उरत नाही. पण मला स्वतःला ‘प्रॉस्पेक्ट’सारख्या, कोणी न योजलेल्या इमारतींत अधिक शिकण्यासारखे दिसते.

अशा इमारतीच्या भिंतीचे वय ठरवायचे असेल तर प्रथम खिडकीपाशी उभे राहावे. १६६६ मध्ये शहराचा मोठा भाग जाळून गेलेल्या आगीनंतर लंडनने बांधकामाचे कडक नियम केले. १६६७ च्या कायद्याने विटांच्या आणि दगडाच्या भिंती सक्तीच्या झाल्या. वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या लाकडी चौकटी तेव्हा भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी समतल बसवत. आग एका चौकटीवरून दुसरीवर पसरते म्हणून १७०९ च्या कायद्याने ती चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घेण्यास सांगितले, आणि १७७४ च्या कायद्याने चौकटीची पेटी विटांच्या मागे दडवण्याची सक्ती केली. त्यामुळे समतल चौकट दिसली तर ती बहुधा जुनी, चार इंच आत असेल तर मधल्या काळातली आणि लाकडाची नुसती बारीक कड दिसत असेल तर १७७४ नंतरची, असा अंदाज बोटाने चाचपूनही करता येतो. हे नियम लंडन आणि परिसराचे होते, बाहेरगावी ही पद्धत बरीच उशिरा पोहोचली, हे मात्र विसरू नये.

दुसरी खूण विटेची. १७८४ मध्ये इंग्लंडात विटांच्या संख्येवर कर बसला. संख्येवर कर म्हटल्यावर काही वीटभट्टीवाल्यांनी वीट मोठी केली. तेव्हा सरकारने मोठ्या विटेवर जादा कर लावला, आणि १८५० मध्ये हा कर रद्द झाला. म्हणून एखाद्या भिंतीत विटांची उंची मध्येच बदललेली दिसली, तर तिथे दोन काळांचे काम एकत्र आले आहे असे समजावे. आपल्याकडेही जुन्या वाड्याच्या भिंतीत पातळ, रुंद विटांच्या थरांवर मध्येच आजच्या मापाच्या विटा दिसतात. तिथे डागडुजी झालेली असते. नजर एकदा सरावली की अशा जागा लांबूनही ओळखू येतात.

वयाच्या दाव्यांविषयी आणखी एक उदाहरण देतो, कारण ते बोधप्रद आहे. सेंट ऑल्बन्स गावी व्हेर नदीकाठी ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’ नावाचा पब आहे. तो आठव्या शतकातला असल्याचे सांगितले जाई आणि इंग्लंडमधला सर्वांत जुना पब म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याचे नाव होते. २००० साली ती नोंद काढून टाकण्यात आली. आज जी अष्टकोनी लाकडी इमारत दिसते ती मुळात मठाचा कबूतरखाना होती, सोळाव्या शतकातली, आणि ती आताच्या जागी नंतर हलवलेली आहे. इमारत जुनी आहे यात शंका नाही, परंतु ती पबसाठी बांधलेली नव्हती. परवान्यांचा विचार केला तरी हीच गोष्ट दिसते : मद्यगृहांना स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना घेणे १५५२ च्या कायद्याने आवश्यक केले, तेव्हा त्याआधीचे साल सांगणाऱ्या पबकडे परवान्याचा कागद मागून उपयोग नसतो. जमिनीचे दस्त आणि भिंती यांचाच आधार घ्यावा लागतो.

आता नदीकडे वळू. आपण रस्त्याच्या बाजूने आत गेलात, तेव्हा दर्शनी भाग फारसा रुंद नसल्याचे जाणवले असेल. मोठ्या नदीच्या काठावर प्रत्येक हात जमीन मोलाची, म्हणून भूखंड नदीला काटकोनात, अरुंद आणि खोल पाडले जात. अशा घराला दोन तोंडे असतात : एक गल्लीकडे, दुसरे पाण्याकडे. वॉपिंगचे गिऱ्हाईक पाण्याकडूनच अधिक येई, कारण ‘प्रॉस्पेक्ट’च्या शेजारून नदीत उतरणाऱ्या ‘पेलिकन’ पायऱ्या आहेत आणि होडीवाले, खलाशी, कोळसा उतरवणारे हमाल तिथूनच वर चढत. या हमालांना काम मिळवून देणारे आणि मजुरी चुकती करणारे बरेचदा पबचे मालकच असत, त्यामुळे मजुरीतला मोठा वाटा तिथेच खर्च होई. ही पिळवणूक थांबवण्यासाठी १८४३ मध्ये कायदा करावा लागला. नदीकाठी इतके पब एकमेकांना खेटून का उभे राहिले, याचे कारण निसर्गशोभेपेक्षा या व्यवहारात अधिक आहे. टेम्सला लंडनमध्ये समुद्राची भरती येते आणि मोठ्या भरतीला पाणी सहा-सात मीटर चढते उतरते, म्हणून पाण्याकडचा सज्जा खांबांवर उचललेला असतो. आपण ओहोटीच्या वेळी गेला असाल तर खाली गाळ आणि दगडगोटे दिसले असतील, आणि त्या खांबांवरची शेवाळाची रेघ पाणी कुठवर येते ते सांगत असेल.

प्रश्न : मुलाच्या पदवीदानासाठी आम्ही यॉर्कला गेलो होतो. तिथे ऊझ नदीच्या धक्क्यावर ‘किंग्ज आर्म्स’ नावाचा जुना पब आहे. आत पुराच्या पातळीच्या खुणा सालांसह केलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही माझ्या डोक्याच्या वर होत्या. पूर ओसरला की काही दिवसांत पब पुन्हा सुरू होतो, असे कळले. आमच्या घरात २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या महापुरात पाणी शिरले. भिंतींना बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा केला आहे, तरी त्या अजून ओल धरतात. त्या इमारतीत असे वेगळे काय आहे?
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनाला लागले, कारण शुक्रवार पेठ, गंगावेश आणि पंचगंगेकडेच्या कितीतरी घरांची आज हीच अवस्था आहे. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम दोन्ही नद्यांतले साम्य पाहा. पंचगंगेला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे घाटातले पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र मिळते. ऊझला स्वेल, युअर आणि निड या नद्या डोंगराळ मुलखातले पाणी आणून देतात. दोन्हीकडे पाऊस वर पडतो आणि पाणी नंतर शहरात चढते, म्हणजे थोडा अवधी मिळतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेले होते. यॉर्कला नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ नेहमीच्या पातळीहून सुमारे ५.४ मीटर चढली होती. ‘किंग्ज आर्म्स’च्या धक्क्याला तर दरवर्षीचे लहान पूरही चुकत नाहीत.

ही इमारत सतराव्या शतकाच्या आरंभीची आहे आणि पुढे तिच्यात पुष्कळ बदल झाले. तिचे शहाणपण मला तीन गोष्टींत दिसते. इंग्लंडात सर्वसाधारण पबची बिअरची कोठी तळघरात असते, कारण बिअरला ११ ते १३ अंश सेल्सिअसचा स्थिर गारवा लागतो आणि पिंपे रस्त्यावरच्या झडपेतून खाली लोटता येतात. ‘किंग्ज आर्म्स’मध्ये ही कोठी वरच्या मजल्यावर आहे. धंद्याचा सर्वांत मोलाचा माल आणि यंत्रे पाण्याच्या आवाक्याबाहेर ठेवली की पूर ओसरल्यावर उरते ती धुण्यापुसण्याची मेहनत. दुसरे, तळमजल्यावर पाण्याने फुगणारे, सुटणारे किंवा कुजणारे साहित्य ठेवलेले नाही : खाली दगडी फरशी, भिंती उघड्या विटांच्या. तिसरे म्हणजे पाणी आत येऊ नये असा अट्टहास नाही. पाणी बाहेर उंच आणि आत काहीच नाही अशी स्थिती झाली तर पाण्याचा दाब भिंतीलाच आत ढकलतो. पाणी आत आले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि भिंत वाचते.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते असे मात्र समजू नका. नदीकडेच्या जुन्या वाड्यांचे घडीव काळ्या दगडाचे उंच जोते, चार-पाच पायऱ्या चढून येणारा सोपा, धान्य आणि दप्तर माडीवर ठेवण्याची पद्धत, सागवानी खांब दगडी तळखड्यावर टेकवून जमिनीपासून सुटा ठेवणे, या सगळ्यामागे हाच विचार होता. आपण रस्त्याची उंची वाढवत गेलो, जोती रस्त्याखाली गेली आणि तळमजल्यावर फरशीखालून वायरी आणि भिंतीलगत लाकडी कपाटे आली. फर्निचर बदलता येते, परंतु भिंतीवर जे लिंपले गेले ते अधिक नुकसान करते.

आपल्या पत्रात भिंतींना बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा केल्याचे आहे, आणि ओल न हटण्याचे मुख्य कारण मला तेच वाटते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर ती पाणी शोषते आणि पुन्हा सोडते, कारण चुन्याच्या सांध्यांना आणि गिलाव्याला सूक्ष्म छिद्रे असतात आणि वाफ त्यांतून निघून जाते. वरून सिमेंटचा थर आणि त्यावर तेलकट किंवा प्लास्टिकचा रंग दिला की ही वाट बंद होते. आत अडकलेले पाणी मग वर चढते. जिथे गिलावा संपतो तिथे ते क्षार सोडते, पांढरी भुकटी दिसते, पोपडे सुटतात आणि आपण पुन्हा सिमेंट लावतो. भिंत सुकण्याचा जाणकारांचा ठोकताळा असा की जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो, म्हणजे दीड फूट जाडीच्या भिंतीला दीड वर्ष. तेही वाट मोकळी असेल तर. २०१९ आणि २०२१ यांच्या मध्ये दोनच वर्षांचे अंतर होते, म्हणजे आपली भिंत पूर्ण सुकण्याआधीच पुन्हा भिजली असण्याची शक्यता मोठी आहे.

माझा सल्ला असा. पुराची रेघ जिथवर आली होती त्याच्या हातभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा जपून उतरवावा. छिन्नीचे घाव हलके असावेत, विटेचा दर्शनी थर निघता कामा नये. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवावी, क्षाराची भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी आणि पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्याने क्षार परत आत जातात. त्यानंतर मुरवलेल्या चुन्याचा, स्वच्छ वाळूचा गिलावा पातळ थरांत करून घ्यावा आणि रंग म्हणून चुन्याचाच हात द्यावा. मुरवलेला चुना आणि तो हाताळणारा गवंडी कोल्हापुरात आजही मिळतो, थोडी विचारपूस करावी लागते. विजेचे बोर्ड रेघेच्या वर न्यावेत आणि वायरी छताकडून खाली आणाव्यात.

एक इशारा मात्र गांभीर्याने द्यायला हवा. हे सर्व चुन्यातल्या विटांच्या किंवा दगडाच्या भिंतीला लागू आहे. आपल्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतील तर गोष्ट वेगळी, कारण मातीची भिंत पाण्यात विरघळते आणि पूर ओसरताना, बाहेरचा आधार गेल्यावर, ढासळते. अशा घरात पाणी उतरल्याबरोबर सामान काढायला आत जाऊ नये. खात्री नसेल तर एका कोपऱ्यात गिलावा काढून सांधा नखाने खरवडून पाहावा. चुना कठीण आणि पांढुरका असतो, माती भुगा होऊन हाताला लागते.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जुन्या इंग्रजी पबच्या छायाचित्रांत काळ्या तुळया आणि लांब लाकडी बार हमखास दिसतो. या दोन्ही गोष्टी खरोखर जुन्या असतात का?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : बार सहसा जुना नसतो. सतराव्या-अठराव्या शतकात मद्यगृह हे आतून साधारण घरासारखेच होते. गिऱ्हाईक बाकावर बसे आणि नोकर कोठीतून चंबू भरून आणी. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये बिअर खेचणाऱ्या हातपंपाचे पेटंट घेतले आणि कोठीतली बिअर वरच्या खोलीत, एका ठिकाणी उभे राहून देता येऊ लागली. पंप बसवायला मेज हवे, मेजामागे नोकर आणि पुढे गिऱ्हाईक, अशी मांडणी मग रूढ झाली. १८३० च्या कायद्याने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि दुकाने इतकी वाढली की जुन्या पबनीही चुरशीने दुकानासारखी मांडणी स्वीकारली. तेव्हा सोळाव्या शतकातल्या पबमध्ये लांब बार पाहिलात तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा समजावा.

तुळयांचे उत्तर एवढे सरळ नाही. ओकचे लाकूड उघडे ठेवले तर ते करडे, रुपेरी होते. त्यावर काळा रंग किंवा डांबर देण्याची आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे. शिवाय दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जुन्या धर्तीचे नवे पब पुष्कळ बांधले गेले आणि त्यांच्या काळ्या पट्ट्या म्हणजे भिंतीवर ठोकलेल्या फळ्या असतात. खरी चौकट ओळखायची तर सांध्यांकडे पाहावे. ती ओल्या ओकमध्ये घडवत. कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि ती बसण्याची खाच यांतून लाकडी खुंटी ठोकत आणि सुतार जुळणीसाठी प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरत. जिथे आज काहीच बसलेले नाही अशी मोकळी खाच दिसली तर ते लाकूड आधी दुसऱ्या जागी वापरलेले आहे, किंवा तिथली एखादी भिंत पुढे काढून टाकलेली आहे. आपल्याकडेही वाडा उतरवताना सुतार लाकडांवर खुणा करून ठेवतात आणि तीच तुळई दुसऱ्या घरात चढते, हे आपल्या परिसरात सहज पाहायला मिळेल. ओकची वार्षिक वलये मोजून झाड कोणत्या वर्षी तोडले हे ठरवण्याचे शास्त्र इंग्लंडात चांगले विकसित झाले आहे, पण त्यासाठी सालीलगतचा भाग शिल्लक असावा लागतो, आणि साल काढून घासलेल्या तुळईवर फक्त ‘या वर्षानंतर’ एवढेच सांगता येते. सागवानालाही वार्षिक वलये असतात, त्यामुळे आपल्या अभ्यासासाठी वाडा निवडलात तर सालीकडची कड शाबूत असलेली तुळई आधी शोधा, आणि मालकाच्या परवानगीशिवाय तिला गिरमिट लावू नका.